कूपन का लागत नाही? ऑनलाइन खरेदी-विक्रीत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

‘हे कूपन या ऑर्डरवर लागू होत नाही.’ लाल अक्षरांतली ही ओळ ज्याने पाहिली नाही, त्याने ऑनलाइन खरेदी केलेलीच नाही असं खुशाल समजावं. कार्ट भरलेली असते, पत्ता टाकून झालेला असतो, वाचणारे पैसे मनातल्या मनात खर्चही करून झालेले असतात, आणि ऐन पैसे भरताना ही ओळ समोर येते.

मी काही वर्षं ऑनलाइन मार्केटप्लेसवर, म्हणजे जिथे अनेक विक्रेते एकाच ठिकाणी माल विकतात अशा साइटवर, नुसता ग्राहक होतो. पुढे हाताने बांधलेल्या वह्या विकायला लागलो आणि तीच ओळ पलीकडच्या बाजूने दिसायला लागली. ग्राहक असताना ज्या अटीला मी अडवणूक म्हणायचो, तीच अट विक्रेता झाल्यावर स्वतःच्या हाताने फॉर्ममध्ये भरत होतो. दोन्हीकडून पाहिल्यावर एक गोष्ट कळली. अटी पाठ करत बसण्यात अर्थ नाही. आधी विचारावं, ही सूट कोणाच्या खिशातून जातेय? त्याचं उत्तर मिळालं की उरलेल्या बहुतेक अटींचा उलगडा आपोआप होतो.

खालची उदाहरणं नुसत्या आकड्यांत आहेत. चलन कुठलंही धरा, गणित बदलत नाही.

पायरी १: पैसे कोण भरतंय ते ओळखा

कूपनमागे चारपैकी कोणीतरी असतं. स्वतः मार्केटप्लेस, वस्तू विकणारा विक्रेता, वस्तू बनवणारा ब्रँड, किंवा बँक अथवा पेमेंट ॲप. कधी दोघं मिळून खर्च वाटून घेतात.

ब्रँडने दुसऱ्याच्या दुकानातली सूट स्वतः भरायची, ही पद्धत फार जुनी आहे. अमेरिकेत कोका-कोलाने १८८७च्या सुमारास एक ग्लास फुकट देणारी कूपनं वाटली, तेव्हा त्या फुकट ग्लासांसाठी लागणारं सिरप दुकानदारांना कंपनीनेच पुरवलं होतं. दुकानदाराचं नुकसान नाही, पिणाऱ्याला फुकट, आणि खर्च ज्याला नाव करायचंय त्याचा. आजही ब्रँडचं कूपन त्याच ब्रँडच्या वस्तूंवर चालतं, शेजारच्या वस्तूवर चालत नाही, ते याच कारणाने.

मार्केटप्लेसचं कूपन असेल तर विक्रेत्याला सहसा पूर्ण किंमत मिळते आणि फरक मार्केटप्लेस भरतं. त्यामुळे असं कूपन अनेक विक्रेत्यांच्या मालावर चालतं, पण त्याला कमाल सुटीची मर्यादा, एका खात्याला एकदाच आणि अमुक विभाग वगळून अशा अटी हमखास असतात. विक्रेत्याचं कूपन फक्त त्याच्याच दुकानात चालतं. कार्टमध्ये तीन विक्रेत्यांच्या वस्तू असतील तर ते एकाच्याच वस्तूंवर लागतं आणि किमान खरेदीची रक्कमही तेवढ्याच वस्तूंची मोजली जाते. नवखे ग्राहक सगळ्यात जास्त इथेच अडखळतात. कार्टची बेरीज १,४०० दिसत असते, कूपनला १,००० लागतात, तरी ते चालत नाही, कारण त्या विक्रेत्याचा माल ६५०चाच आहे. बँकेच्या सवलतीचं आणखी वेगळं. तिला वस्तूशी काही देणंघेणं नसतं, ती कार्डाकडे पाहते. गिफ्ट कार्डाने अर्धे पैसे भरले आणि उरलेले त्या बँकेच्या कार्डाने, तर किमान रकमेत फक्त कार्डावरचा भाग धरला जाण्याची शक्यता असते.

कोण पैसे भरतंय हे कुठे दिसतं? कूपनवर टॅप करून अटी उघडल्या की विक्रेत्याचं नाव, ब्रँडचं नाव किंवा बँकेचं नाव सापडतं. एकही नाव नसेल तर बहुधा ते मार्केटप्लेसचं.

पायरी २: अटी वाचा, पण या क्रमाने

अटींचं पान लांबलचक असतं आणि ते वरून खाली वाचायची गरज नाही. मी आधी कमाल सूट पाहतो. ग्यानबाची मेख तिथेच मारलेली असते.

‘२० टक्के सूट, कमाल १५०’ असं कूपन घ्या. १५० ला ०.२० ने भागलं की ७५० येतात. म्हणजे ७५०पर्यंतच्या खरेदीवर खरोखर २० टक्के मिळतात. खरेदी १,५०० झाली की सूट १० टक्क्यांवर येते, ३,००० झाली की ५ टक्क्यांवर. ठळक अक्षरांत २० टक्केच लिहिलेलं राहतं. हा भागाकार एकदा केला की या कूपनवर किती रकमेची ऑर्डर लावायची ते ठरतं आणि मोठ्या खरेदीसाठी दुसरं कूपन शोधायला आपण मोकळे होतो.

नंतर किमान खरेदी. ती रक्कम सूट वजा करण्याआधीची की नंतरची, आणि डिलिव्हरीचा खर्च त्यात धरतात की नाही, हे पाहायचं. बहुतेक ठिकाणी तो धरत नाहीत. वस्तूंची बेरीज ९७० आणि डिलिव्हरी ४० मिळून १,०१० झाले म्हणून १,०००ची अट पुरी होत नाही.

मग मुदत. यात दोन तारखा असू शकतात. एक कूपन ‘घेण्याची’ आणि दुसरी ते ‘वापरण्याची’. कूपन खात्यात जमा करून ठेवलं म्हणजे किंमत राखून ठेवली असं होत नाही. शिवाय ‘आज रात्री १२ पर्यंत’ यातली रात्र मार्केटप्लेसच्या घड्याळातली असते. परदेशी मार्केटप्लेसवर ती तुमच्या रात्री १२च्या आधीच उलटून गेलेली असू शकते. मुदत शिल्लक असतानाही कूपन बंद पडतं, त्याचं कारण बजेट. कूपन काढणाऱ्याने ठरवलेली रक्कम संपली की ते थांबतं. अटींत ‘साठा असेपर्यंत’ किंवा ‘पहिल्या अमुक ग्राहकांना’ असं लिहिलेलं असतं ते यासाठी.

‘फक्त पहिल्या ऑर्डरवर’ ही अट खात्यापुरती असते असं समजून लोक दुसरं खातं उघडतात. तसं करू नका. तोच फोन, तोच पत्ता, तेच कार्ड जुळवून पाहणारी यंत्रणा बहुतेक मोठ्या मार्केटप्लेसकडे आहे आणि कूपन नाकारण्यावर गोष्ट थांबत नाही, खातंच बंद होऊ शकतं. याचा एक तोटा सरळ माणसालाही होतो. एकाच घरातल्या दोघांनी एकाच पत्त्यावर प्रामाणिकपणे पहिली ऑर्डर दिली तरी दुसऱ्याला कूपन मिळत नाही. अशा वेळी भांडून फारसं काही पदरात पडत नाही.

वगळलेल्या वस्तू: यामागची कारणं

‘निवडक विभाग वगळून’ ही अट सगळ्यात जास्त चीड आणते, म्हणून इथे जरा थांबू.

गिफ्ट कार्ड जवळपास नेहमी वगळलेलं असतं. कारण सोपं आहे. १,०००चं गिफ्ट कार्ड कूपन लावून ९००ला मिळालं तर ग्राहकाने नोटच स्वस्तात विकत घेतल्यासारखं होतं. वर त्या कार्डाने खरेदी करताना दुसरं कूपन लावता येईल ते निराळंच. नाणी आणि सोन्या-चांदीच्या वळ्यांचंही असंच. विकून लगेच रोख करता येईल अशी वस्तू सुटीत दिली की माणसं ती वापरायला घेत नाहीत, फिरवायला घेतात. ईबे या मार्केटप्लेसच्या कूपनांच्या अटींत नाणी, कागदी चलन आणि गिफ्ट कार्ड वगळलेली वारंवार दिसतात, ती यामुळेच.

दुसरं कारण नफ्याचं. नवा मोबाइल किंवा गेम कन्सोल यांवर विक्रेत्याला फार थोडे टक्के सुटतात. तिथे १० टक्के सूट म्हणजे पदरमोड. काही ब्रँड आपला माल फार स्वस्तात झळकू नये म्हणून विक्रेत्यांशी तसे करार करतात, तेही वगळण्याचं एक कारण.

तिसरं कारण कायद्याचं, आणि ते बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. जर्मनीत नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि ती सगळ्या दुकानदारांना पाळावी लागते. २००२चा कायदाच आहे तसा. तिथे नव्या पुस्तकावर कूपन लावून किंमत खाली आणता येत नाही. फ्रान्समध्ये १९८१च्या कायद्याने पुस्तकावर जास्तीत जास्त ५ टक्के सूट देता येते. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीवर कूपन देण्याला अनेक देशांत बंदी आहे. १९८१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाच्या जाहिरातीसाठी जी संहिता मंजूर केली, तिच्यात अशा सवलती देऊ नयेत असं म्हटलं आहे. तंबाखू, मद्य, डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं यांचे नियम देशादेशांत वेगळे. अशा वस्तूवर कूपन चाललं नाही तर विक्रेत्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं.

पायरी ३: कूपनसाठी वाढवलेल्या खरेदीचा हिशेब

तुम्हाला ८५०ची एक वस्तू हवी आहे. कूपन म्हणतं, १,००० च्या वर घ्या, १०० कमी करतो. तुम्ही २०० ची आणखी एक वस्तू टाकता. बेरीज १,०५०, सूट वजा जाता ९५०. म्हणजे दुसरी वस्तू १००ला पडली. ती तशीही घ्यायचीच होती तर उत्तम सौदा. नको होती तर १०० वाचले नाहीत, १०० जास्त गेले. हे आवळा देऊन कोहळा काढणंच झालं, फक्त आवळा ठळक अक्षरांत असतो.

उलटंही घडतं. मोठी ऑर्डर दोन भागांत तोडली तर दोन वेगळी कूपनं लागू शकतात आणि कमाल मर्यादा दोनदा वापरता येते. फक्त डिलिव्हरीचा खर्च दोनदा पडत नाही ना, तेवढं पाहा.

दोन सवलती एकावर एक लागत असतील तर क्रमाला महत्त्व आहे. १,०००वर आधी १० टक्के आणि मग १०० कमी केले तर ८०० होतात. आधी १०० कमी करून मग १० टक्के काढले तर ८१०. टक्केवारीच्या दोन सवलतींत तर फरक आणखी फसवा. २० आणि १० टक्के एकामागून एक लावले की २८ टक्के होतात, थेट बेरीज केली की ३०. कुठल्या मार्केटप्लेसवर कुठली पद्धत आहे हे शेवटच्या बिलावरूनच कळतं. म्हणून तुलना करायची ती बिलाच्या शेवटच्या आकड्याची. कूपनवरच्या टक्क्यांची तुलना व्यर्थ आहे.

बिलात कराचा आकडा अपेक्षेपेक्षा मोठा दिसला तर त्यातही पुन्हा तोच खिशाचा प्रश्न असू शकतो. अनेक करव्यवस्थांत विक्रेत्याने स्वतः दिलेली सूट करपात्र किंमत कमी करते. पण सुटीचे पैसे त्याला तिसरं कोणी भरून देत असेल, तर कर मूळ किमतीवर मोजला जातो.

पायरी ४: परत करण्याआधी आकडेमोड करा

कूपनच्या तक्रारींतला मोठा वाटा रिफंडचा असतो. एक उदाहरण सावकाश पाहू.

तुम्ही ६००, ४०० आणि २५०च्या तीन वस्तू घेतल्या. बेरीज १,२५०. ‘१,०००च्या वर २५० सूट’ हे कूपन लागलं आणि तुम्ही १,००० भरले. आता ४००ची वस्तू परत करायची आहे. किती मिळतील?

४०० हे उत्तर कुठेच येत नाही. २५०ची सूट तिन्ही वस्तूंवर किमतीच्या प्रमाणात वाटली जाते, म्हणजे प्रत्येकीवर २० टक्के. त्यामुळे ४००च्या वस्तूचे तुम्ही प्रत्यक्षात ३२० भरलेत, आणि बऱ्याच मार्केटप्लेसवर ३२० परत येतात. हे रास्त आहे.

काही ठिकाणी मात्र नियम कडक असतो. एक वस्तू परत गेल्यावर तुमच्याकडे ८५०चाच माल उरला, म्हणजे १,०००ची अट मोडली, म्हणून सूटच मागे घेतली जाते. मग हिशेब असा लागतो: भरलेले १,०००, उरलेल्या वस्तूंची पूर्ण किंमत ८५०, परत मिळणार १५०. चारशेची वस्तू परत करून हाती दीडशे! ग्राहकाला हे लुबाडणूक वाटते. पण ही अट नसेल तर लोक किमान रक्कम गाठण्यासाठी नको ती वस्तू टाकतात, कूपन घेतात आणि ती वस्तू नंतर परत पाठवतात. मी विक्रेता झाल्यावर हे इतक्यांदा पाहिलं की अट का आली ते पटलं. तरीही दीडशे परत देणं मला अजून जड जातं. प्रमाणातल्या वाटपाने काम भागत असताना एवढी कठोर अट नसावी असं माझं मत आहे.

यातून ग्राहकाने करायचं ते एवढंच: जी वस्तू मापाला बसेल की नाही याची शंका आहे, ती कूपनच्या ऑर्डरमध्ये घालू नका. वेगळी मागवा. बदलून घेण्याची सोय असेल तर परत करण्यापेक्षा ती बरी, कारण ऑर्डर तशीच राहते. आणि वापरलेलं कूपन परत खात्यात येईल या भरवशावर राहू नका. पूर्ण ऑर्डर विक्रेत्यानेच रद्द केली तर ते परत मिळण्याची शक्यता बरी असते. तुम्ही रद्द केली तर कमी, आणि मुदत उलटून गेली असेल तर जवळपास नाहीच.

पायरी ५: तरीही कूपन चालेना

आधी साध्या गोष्टी. कोडमध्ये इंग्रजी ओ आहे की शून्य, कॉपी करताना शेवटी मोकळी जागा आली का, कूपन फक्त ॲपवर आहे आणि तुम्ही ब्राउझरमध्ये आहात का. मग कार्ट उघडून विक्रेत्याचं नाव पुन्हा पाहा. एकाच वस्तूच्या पानावर अनेक विक्रेते असतात आणि साठा संपला की पानावर पुढे दिसणारा विक्रेता बदलतो. काल ज्याच्या नावावर वस्तू दिसत होती त्याचं कूपन आज दिसणाऱ्या विक्रेत्याला लागणार नाही. रंग किंवा माप बदललं तरी कधी हेच होतं.

एवढं करूनही चालत नसेल तर अटींचं पान आणि कार्ट यांचे स्क्रीनशॉट घ्या, पैसे भरण्याआधी घ्या, आणि मदत केंद्राला पाठवा. ऑर्डर झाल्यावर सूट लावून देणं मार्केटप्लेसला जड जातं, बहुतेकदा ते नकारच देतात.

कोड आपोआप शोधून लावणारी एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम, असतात. त्यांची सेवा फुकट असली तरी धंदा मोठा आहे. हनी नावाची अशी सेवा पेपॅलने सुमारे ४ अब्ज डॉलरला घेण्याचं २०१९मध्ये जाहीर केलं होतं. असं एक्स्टेन्शन वापरायचं तर एवढं धरून चाला की तुम्ही काय पाहता, काय घेता हे त्याला दिसतं, आणि त्याने लावलेला कोड सगळ्यात चांगला असेलच असं नाही. कोड विकणाऱ्या ग्रुपपासून मात्र लांब राहा. वैयक्तिक कूपन दुसऱ्याला विकण्याला सहसा मनाई असते. आणि ‘कूपन मिळवण्यासाठी ओटीपी सांगा’ म्हणणारा माणूस कूपन देणारा नसतोच.

आता विक्रेत्याची बाजू. पायरी ६: कूपन काढण्याआधी शून्य कुठे आहे ते शोधा

नव्या विक्रेत्याला पॅनलवर एक चौकट दिसते: कूपन तयार करा, विक्री वाढवा. दोन मिनिटांत कूपन तयारही होतं. त्या दोन मिनिटांआधी कागदावर हे लिहा.

वस्तूची किंमत १,०००. तयार करण्याचा खर्च ५५०, मार्केटप्लेसचं कमिशन १५ टक्के म्हणजे १५०, पाठवण्याचा खर्च १००, पॅकिंग ३०. उरतात १७०.

१० टक्के कूपन दिलं. किंमत ९००, कमिशन १३५, बाकी खर्च तेच. उरतात ८५. दहा टक्के सुटीने नफा निम्मा झाला. आधीइतकाच पैसा मिळवायचा तर दुप्पट माल विकावा लागेल, दुप्पट पॅकिंग करावं लागेल. २० टक्के दिलं तर ८००मधून ५५०, १२० आणि १३० गेले. उरलं शून्य. या वस्तूचं शून्य २० टक्क्यांवर आहे, त्यापुढे आतबट्ट्याचा व्यवहार.

यातही दोन खाचखळगे आहेत. कमिशन सूट दिल्यानंतरच्या किमतीवर आहे की मूळ किमतीवर, हे विचारून घ्या. मूळ किमतीवर असेल तर १० टक्क्यांच्या कूपननंतर ७०च उरतात. दुसरं, काही मार्केटप्लेस कूपन वापरल्याबद्दल वेगळी फी घेतात. छोट्या किमतीच्या वस्तूवर ती फी सुटीइतकीच खुपते.

मग कूपन द्यायचंच कशाला, सरळ किंमत कमी करू, असं कोणालाही वाटेल. अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानसाखळीने २०१२मध्ये हेच केलं होतं. कूपनं आणि सततचे सेल बंद केले आणि रोजच्या किमती कमी ठेवल्या. त्या एका वर्षात त्यांची विक्री सुमारे २५ टक्क्यांनी घसरली आणि २०१३मध्ये कूपनं परत आणावी लागली. ग्राहकाला स्वस्त वस्तू हवी असतेच, पण ती आपण स्वस्तात मिळवली असंही वाटायला हवं असतं. शिवाय कूपन दोन प्रकारचे ग्राहक वेगळे करतं. ज्याला किमतीची फिकीर आहे तो कोड शोधतो, ज्याला घाई आहे तो पूर्ण किंमत देतो. किंमत उतरवली की हा दुसरा ग्राहकही कमीच पैसे देतो. दुसऱ्या बाजूला, तुम्ही दर महिन्याला कूपन काढलं तर लोक कार्ट भरून पुढच्या कूपनची वाट पाहत बसतात. माझ्याकडे वह्यांचे काही ग्राहक असे आहेत. त्यांचा राग नाही, सवय मीच लावली.

पायरी ७: अटी स्वतःच्या मालाकडे बघून घाला

किमान खरेदीचा आकडा हवेतून काढू नका. गेल्या काही महिन्यांतल्या ऑर्डर पाहा. बहुतेक ऑर्डर १,०००च्या आसपास असतील तर अट १,४०० किंवा १,५००ची ठेवा, म्हणजे सुटीच्या बदल्यात ऑर्डर वाढते आणि पाठवण्याचा खर्च एकदाच पडतो. अट ८००ची ठेवली तर जे तसेही घेणारच होते त्यांना तुम्ही पैसे वाटले. पण किमान आकडा गाठायला दुकानात तेवढा माल हवा. तीनच वस्तू विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला किमान खरेदीची अट फायद्याची नाहीच. मार्केटप्लेसच्या मोठ्या मोहिमांत ‘एकाच विक्रेत्याकडून अमुक रकमेची खरेदी’ असं असतं तेव्हा शंभर वस्तू असलेला विक्रेता आपोआप पुढे जातो. तिथे छोट्याने एकाच वस्तूवर थेट सूट देणं बरं.

बजेट, शेवटची तारीख आणि एका ग्राहकाला एकदाच, या तीन चौकटी कधीही मोकळ्या सोडू नका.

आणि ‘इतर सवलतींबरोबर चालेल का’ ही चौकट. हिने मला धडा दिला आहे. जुन्या ग्राहकांसाठी ३० टक्क्यांचा एक कोड होता, त्यावर तुरळक विक्री व्हायची, नुकसान सोसून ठेवला होता. कपाटात पडून राहिलेल्या वह्या काढून टाकायला मी दुसरा, ५० टक्क्यांचा कोड केला. दोन्हींत ती चौकट ‘चालेल’ अशीच राहिली, कारण मी ती वाचलीच नव्हती. त्या मार्केटप्लेसवर टक्क्यांची बेरीज व्हायची. एका रात्रीत चौदा वह्या ८० टक्के सुटीने गेल्या, १,०००ची वही २००ला. ऑर्डर रद्द कराव्यात तर विक्रेत्याचं रेटिंग पडणार, पाठवाव्यात तर घरचे पैसे घालून. मी पाठवल्या. घेणाऱ्याने छान अभिप्राय लिहिला, हे त्यातल्या त्यात.

सगळ्यांसाठी एकच सोपा कोड ठेवलात तर तो काही तासांत कूपन जमवणाऱ्या वेबसाइटवर जातो, हेही धरून चाला. मोजक्या लोकांना द्यायचा तर प्रत्येकाला वेगळा, एकदाच चालणारा कोड द्या.

पायरी ८: तुमच्यावरची बंधनं

आधी किंमत वाढवायची आणि मग कूपन लावून पूर्वीच्याच किमतीला विकायचं, ही युक्ती जुनी आहे आणि आता पकडली जाते. मोठी मार्केटप्लेस वस्तूच्या गेल्या काही आठवड्यांच्या किमती तपासून कूपन नाकारतात. युरोपीय संघात २८ मे २०२२पासून नियम लागू आहे की किंमत कमी केल्याची जाहिरात करताना ‘आधीची किंमत’ म्हणून गेल्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवायची. तिथे विकत असाल तर सेलच्या आदल्या आठवड्यात किंमत चढवून काहीच साधत नाही.

चांगल्या अभिप्रायाच्या बदल्यात कूपन देऊ नका. पार्सलमध्ये ‘पाच तारे द्या, पुढच्या खरेदीवर सूट घ्या’ अशी चिठ्ठी टाकली की खातं धोक्यात येतं. ॲमेझॉनने मोबदल्यात लिहिलेल्या अभिप्रायांवर ऑक्टोबर २०१६मध्ये बंदी घातली. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४पासून, अमुकच मत लिहा या अटीवर काही देणं थेट संघीय नियमाने बेकायदा आहे. ग्राहकाला मार्केटप्लेसबाहेर, स्वतःच्या वेबसाइटवर ओढणारं कूपन पार्सलमध्ये घालणंही बहुतेक ठिकाणी मना आहे.

मार्केटप्लेसच्या मोहिमेत सामील होण्याचं निमंत्रण आलं तर सुटीतला तुमचा वाटा किती, हा आकडा शोधा. काही मोहिमांत तुम्ही नकार कळवला नाही तर सामील झालात असं धरलं जातं. सामील न होण्याचाही खर्च आहे. मोहिमेच्या दिवसांत शोधयादीत कूपनची पट्टी असलेल्या वस्तू वर दिसतात आणि तुमची वस्तू त्याच किमतीत असूनही महाग वाटते. म्हणून सगळा माल मोहिमेत घालू नका, जिचं शून्य लांब आहे अशी एखादीच वस्तू घाला.

कूपन सुरू झालं की पहिल्या दिवशी स्वतः ग्राहकासारखं कार्ट भरून पाहा. वगळलेली वस्तू, कमी रकमेची ऑर्डर, जोडीला दुसरा कोड, सगळं करून पाहा. पहिल्या दोन-तीन ऑर्डरचे पैसे जमा झाले की आलेली रक्कम कागदावरच्या आकड्याशी जुळते का बघा आणि जुळत नसेल तर कूपन थांबवून मग चौकशी करा.

आणि ‘तुमचं कूपन चालत नाहीये’ असा निरोप येणारच आहे. त्याला मी आता ठरलेलं उत्तर देतो: ‘हे कूपन माझं नसून मार्केटप्लेसचं आहे, त्यामुळे मला ते इथून लावता येत नाही. माझ्या दुकानाचा कोड वेगळा आहे. तो १,४००च्या वरच्या ऑर्डरवर चालतो आणि तुमच्या कार्टमध्ये माझ्या वस्तू १,१५०च्या आहेत. नको असलेली वस्तू घालू नका, वस्तू परत केलीत तर सूट कमी होते.’ शेवटचं वाक्य विक्रेत्याने लिहावं का, यावर माझ्या ओळखीच्या विक्रेत्यांत दोन तट आहेत. मी लिहितो, कारण त्या वाक्याने एखादी ऑर्डर जात असेल, पण परत येणारी पार्सलं नक्की कमी झाली आहेत.